कोविडच्या लशीमुळे हृदयाला सूज येते, हे खरं आहे का?

खरं आहे, आमच्याच घरात झालंय. पण तुम्ही विचारताय ते तुमच्या भाच्यासाठी, आणि त्याने २०२१ मध्ये कोव्हिशील्ड घेतलीय. त्याचं उत्तर वेगळं आहे, तिकडे येतेच.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. जून २०२१ मध्ये माझ्या सोळा वर्षांच्या मुलाने एमआरएनए प्रकारच्या (फायझर, मॉडर्ना या त्यातल्या) लशीचा दुसरा डोस घेतला. तिसऱ्या रात्री हा छातीला हात लावून जिन्यात बसलेला. म्हणे, आडवं झालं की जास्त दुखतं. संध्याकाळी पिझ्झा हाणला होता, म्हणून मी ॲसिडिटी समजून ओवा आणि कोमट पाणी दिलं. पहाटे पाहिलं तर तसाच पुढे वाकून बसलाय. मग मात्र गाडी काढली.

इमर्जन्सीत नर्सने आधी विचारलं, "लस कधी घेतली?" ईसीजीत फरक होता आणि ट्रोपोनिन वाढलेलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं. पोराच्या रिपोर्टवर तो आकडा बघून माझे हातपायच गळाले. दोन रात्री मॉनिटर, आयब्युप्रोफेन आणि आराम, एवढ्यावर निभावलं. खरी पंचाईत पुढे झाली: सहा महिने पोहणं-धावणं बंद. सूज असताना दमवणारा व्यायाम केला तर हृदयाची लय घातक बिघडू शकते, हे त्या वयाला कोण समजावणार!

त्याच महिन्यात एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एमआरएनए लशींच्या माहितीपत्रकात हृदयाच्या सुजेचा इशारा घातला. सर्वाधिक प्रमाण १६-१७ वर्षांच्या मुलग्यांत होतं, दहा लाख दुसऱ्या डोसांमागे साधारण १०६. त्रास बहुधा आठवड्याच्या आत सुरू होतो आणि बहुतेक जण बरे होतात. खुद्द कोविडनेही हृदयाला सूज येते, हे लशीविरुद्धचे मेसेज फॉरवर्ड करणारे सोयीस्कर विसरतात.

आता तुमचा भाचा. कोव्हिशील्ड एमआरएनए नाही, ती ॲडेनोव्हायरसवर (सर्दीसारखे आजार करणारा विषाणू) बेतलेली लस. तिचा गाजलेला दुर्मीळ दुष्परिणाम म्हणजे प्लेटलेट्स कमी होऊन रक्ताच्या गुठळ्या होणं, आणि तोही डोसनंतरच्या काही आठवड्यांतला. इतक्या वर्षांनी त्या डोसची धास्ती घेऊ नका. पण आज त्याच्या छातीत खरंच दुखत असेल, तर लशीचा वाद बाजूला ठेवून लगेच ईसीजी काढून घ्या. ओवा मी देऊन पाहिलाय.