ज्याला तारीख नाही, ते आधी

ठाणे, गुरुवार रात्र

प्रिय मुली,

तुझा मेसेज दोनदा वाचला. बंगळुरूच्या कंपनीला सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय, घोडबंदर रोडचा फ्लॅट रविवारी बुक करू असं घरचे म्हणतायत, आणि अगदी शेवटच्या ओळीत, "त्याच्याशी अजून नीट बोलले नाहीये." तो शेवटी आला, कारण त्याला तारीख नाही. एचआर तारीख देतं, बिल्डरचा माणूस "ऑफर रविवारपर्यंतच" म्हणतो. ज्याच्याबरोबर जगायचंय तो मात्र मुदत घालत नाही, नुसता थांबतो. बाकीच्या दोन तारखा पाळता पाळता त्याचं उत्तर कुणी न ठरवताच ठरून जातं. म्हणून क्रम उलटा कर. आधी तो, मग नोकरी, घर सगळ्यात शेवटी.

घर शेवटी का, ते आकड्यांत बघ. बांधकाम चालू असलेला ९० लाखांचा फ्लॅट धर. बँक ८० टक्के, म्हणजे ७२ लाख देईल. खिशातले १८. बाईच्या नावावर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत म्हणून घर तुझ्या एकटीच्या नावावर घ्यायचं चाललंय. सवलत खरी आहे, ७ चे ६ टक्के होतात, ९० हजार वाचतात. तरीही ५ लाख ४० हजार जातातच. नोंदणीचे ३० हजार, जीएसटी ५ टक्क्यांनी साडेचार लाख. झाले २८ लाख २० हजार, आणि यात पार्किंग, सोसायटीचे पैसे, फर्निचर काहीच धरलेलं नाही. ७२ लाखांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी, महिना साधारण ६२,५००. ९० हजार वाचवायला म्हणून एवढं ओझं मुख्यतः तुझ्या पगारावर येणार. मग नोकरी बदलताना आणि लग्न ठरवताना आधी हप्त्याला विचारावं लागेल.

रविवारी साइट बघायला जा, चेकबुक नेऊ नकोस. "फक्त टोकन द्या मॅडम, रिफंडेबल आहे" म्हणतील. ते तोंडी असतं. बुकिंग फॉर्ममधलं रद्द करण्याचं कलम शोध, त्याचा फोटो काढून घरी आण. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर ताब्याची तारीख पाहा. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही बाबांना सांग. त्यांना सरळ "नको" म्हणू नकोस. "सहा महिने ६२,५०० बाजूला टाकून बघते," म्हण, आणि खरंच टाक, पगाराच्या दुसऱ्या दिवशी, वेगळ्या खात्यात. तिसऱ्या महिन्यात ओढाताण झाली तर पासबुक दाखव, वाद घालावा लागणार नाही.

नोकरीचं सोपं आहे. उद्या सकाळी मेल कर: ऑफरबद्दल आभार, निर्णयासाठी पुढच्या शुक्रवारपर्यंत वेळ मिळेल का? कारणं देत बसू नकोस. मुदतीच्या आत मागितलं तर बरेचदा मिळतं; सोमवार उलटल्यावर ते दुसऱ्याला फोन लावून मोकळे होतात. नाही म्हटल्याने संधी क्वचितच हुकतात, "बघते, कळवते" म्हणून जास्त. तुझा नोटीस पीरियड ९० दिवसांचा आणि त्यांना तू ३० दिवसांत हवी असशील, तर नोटिशीच्या उरलेल्या दिवसांचे पैसे कोण भरणार ते त्याच मेलमध्ये विचार. लेखी ऑफर हातात येईपर्यंत ऐरोलीच्या आताच्या नोकरीचा राजीनामा द्यायचा नाही. पगाराची तुलना करताना आज तुझं घरभाडं शून्य आहे, हे विसरू नकोस.

आता तो. शनिवारी समोरासमोर भेट, मेसेजवर नको. संध्याकाळची तलावपाळी नको, बोलणं अर्धवट राहतं. सकाळी साडेसहाला उपवन तलावावर जा. "तुला काय वाटतं?" असं विचारलंस तर तो "तू म्हणशील तसं" म्हणेल, आणि तुम्ही दोघं तेच उत्तर समजून घरी याल. त्यापेक्षा विचार: मी गेले तर दोन वर्षांत तू तिकडे नोकरी बघशील का? नाही, तर मी कधी परत यावं असं तुला वाटतं? तुझ्या आईबाबांना महिन्याला किती द्यावे लागतात? घरी कोणत्या महिन्यात सांगायचं? "वेळ दे" म्हणाला तर राग मानू नकोस, फक्त किती ते विचार आणि ती तारीख दोघांच्या फोनमध्ये टाका. घरून विरोधाची भीती असेल तर एवढं माहीत असू दे: विशेष विवाह कायद्यात लग्नाच्या नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं, तीन साक्षीदार लागतात, आणि नोटीस तीन महिनेच चालते. हे त्याला पहिल्याच भेटीत ऐकवायचं नाही.

आणि प्रश्नांच्या आधी तुझं सांग. नाहीतर सगळं ठरवून तू त्याची परीक्षा घेतेयस असं त्याला वाटेल. "मला ही नोकरी हवीय आणि तूही हवायस," हे वाक्य तू मला लिहिलंस. त्याला अजून एकदाही म्हटलेलं नाहीस.

शनिवारी दुपारी फोन कर. काय ठरलं ते नाही सांगितलंस तरी चालेल, ते वाक्य बोलून झालं का तेवढं सांग.

तुझी,
काकू