मेव्हण्याची पोलो आणि डावीकडचा इंडिकेटर

घरची वॅगनआर, आठवडाभरासाठी मेव्हण्याची पोलो हाती आलीय आणि सात रस्त्याला वळताना इंडिकेटरऐवजी वायपर फिरतोय. सवय कशी करायची, असं विचारलंय तुम्ही.

वायपरची लाज सोडा. कडक उन्हात कोरड्या काचेवर वायपर नाचला की सोलापुरात अर्ध्या लोकांना कळतं, गाडी फोक्सवॅगन नाहीतर स्कोडा आहे आणि चालवणारा नवा आहे. मारुती, ह्युंदाईत इंडिकेटर उजव्या हाताला असतो, पोलोत डाव्या, आणि उजवीकडे वायपर. युरोपात स्टेअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, म्हणून मोकळ्या डाव्या हाताकडे इंडिकेटर दिला. गाडी इकडे आली, स्टेअरिंग उजवीकडे गेलं, दांडी मात्र तिथेच राहिली. त्यामुळे पोलोत गिअर आणि इंडिकेटर दोन्ही डाव्याच हाताला. यावर उपाय एकच: चौकात पोचल्यावर नाही, बरंच अलीकडे इंडिकेटर द्या. चुकलं तर दुरुस्त करायला वेळ उरतो. शेवटच्या क्षणी हात जुन्या जागीच जाणार.

खरी काळजी रिव्हर्सची घ्या. वॅगनआरमध्ये तो पाचव्याच्या खाली, उजवीकडे मागे. पोलोत गिअरची दांडी खाली दाबून डावीकडे पुढे, म्हणजे पहिल्याच्या अगदी शेजारी. नवी पेठेत पुढेमागे करत गाडी काढताना, मागे दुचाकीवाला चिकटलेला असताना, दांडी नकळत दाबली गेली तर पहिल्याऐवजी रिव्हर्स पडतो. म्हणून गिअर टाकला की लगेच ॲक्सिलरेटर नको. क्लच हळू सोडा, गाडी बोटभर कुठे सरकते ते बघा, मग पाय द्या. तुळजापूरला घरच्यांना घेऊन निघण्याआधी पहाटे होटगी रोडच्या बाजूला एकटेच जा आणि पहिला-रिव्हर्स, पहिला-रिव्हर्स करत बसा. बंद गाडीत डोळे मिटून दांड्या चाचपल्या तरी बराच फरक पडतो बघा.

पुढेमागे कुणाची ऑटोमॅटिक चालवायची वेळ आली तर डावा पाय सरळ मागे घ्या, अगदी सीटखाली. घाईत तो क्लच समजून ब्रेकवर आदळतो आणि मागचा येऊन धडकतो. मारुतीच्या एजीएस, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या, गाड्यांत तर ‘पी’ (पार्किंगचा गिअर) नसतो, उतरताना हँडब्रेक ओढलाच पाहिजे.

पोलो परत दिल्यावर वॅगनआरमध्ये पहिल्या दिवशी असंच सावकाश चालवा. लोक तेव्हाच गाफील असतात, आपलीच गाडी म्हणून.

आणि हो, पंपावर गोंधळ नको. बहुतेक नव्या गाड्यांत पेट्रोलच्या काट्याशेजारी पंपाच्या चित्राजवळ छोटा बाण असतो. तो ज्या बाजूला, त्या बाजूला टाकीचं झाकण. बाण नसेल तर निघण्याआधी उतरून बघून घ्या की, किती वेळ लागतो?