रेघ जिथे थांबली होती

‘शास्त्र सांगते, चिंता करू नका. मला तर रात्रंदिवस चिंता वाटते. मग माझा विश्वास खोटाच म्हणायचा का?’ समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, एखादी व्यक्ती खुर्चीत बसून पिशवीतून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, बाहेर काढू लागली, की पुढे काय येणार याचा मला बहुतेक वेळा अंदाज येतो. मुलाला परदेशात नोकरी मिळेना म्हणून झुरणारे वडील हाच प्रश्न विचारतात, आणि लग्नाला सात वर्षे होऊनही मूल नसलेली तरुणीही हाच प्रश्न विचारते. चिंतेचे ओझे तर त्यांच्या डोक्यावर असतेच. त्यावर ‘आपण चिंता करतो, म्हणजे देवाचा अपमान करतो’ हे दुसरे ओझे चढलेले असते. माझ्या अनुभवात या दुसऱ्या ओझ्याने माणूस अधिक लवकर मोडतो, कारण ते कोणापुढे उतरवून ठेवायचीही सोय राहत नाही.

या सगळ्यांच्या वतीने मी एकाच बाईंची हकिकत सांगते. त्यांची संमती घेतली आहे, नाव व ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. त्यांना आपण विमलताई म्हणू.

विमलताई मूळच्या नगरकडच्या, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातल्या. वय पंचावन्नच्या आसपास. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शब्बाथशाळेत (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) वीस वर्षे त्यांनी मुलांकडून सुवर्णवचने पाठ करून घेतली होती. त्यांच्या यजमानांची बायपास शस्त्रक्रिया होऊन सात महिने झाले होते, प्रकृती सुधारत होती, डॉक्टर समाधानी होते. मात्र विमलताईंना रोज पहाटे तीनच्या सुमारास जाग येत असे, आणि जाग आली की त्या अंधारातच हात पुढे करून यजमानांच्या नाकापाशी बोटे धरत. श्वास लागला की हात मागे घेत. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. उजाडेपर्यंत हे असेच चालत असे.

‘महिला मंडळात मी एकदा बोलून गेले, तर एक ताई म्हणाल्या, चिंता करणं म्हणजे पापच,’ त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या. ‘त्या काही चुकीचं बोलल्या नाहीत, मॅडम. मीच मुलांना ते वचन शिकवलंय. आता मंडळीत मला कोणी प्रार्थना करायला सांगितलं, की तोंड उघडत नाही. वाटतं, आपण ढोंगी आहोत.’

मी त्यांना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. इतके महिने झोप मोडलेली असताना शरीर तपासून न घेता नुसते बोलत बसणे मला पटत नाही, आणि डॉक्टरकडे जाणे हे अविश्वासाचे लक्षण आहे असे मानणाऱ्यांना मी एवढेच विचारते, की ज्याची पत्रे शास्त्रात आहेत त्या प्रेषित पौलाच्या सोबत्यांमध्ये लूक हा वैद्य होता, त्याला पौलाने ‘प्रिय वैद्य’ म्हटले आहे, ते कशासाठी? विमलताईंचा रक्तदाब वाढलेला निघाला, औषध सुरू झाले, आणि थोडी झोप मिळू लागल्यावरच आमचे खरे बोलणे सुरू झाले.

तिसऱ्या की चौथ्या भेटीत मी त्यांना म्हटले, ‘ते वचन मला तुमच्या शास्त्रातून दाखवता का?’

त्यांनी फिलिप्पैकरांस पत्राचा, म्हणजे फिलिप्पै गावच्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या पत्राचा, चौथा अध्याय उघडला. पान हाताळून मऊ पडले होते, कडा पिवळ्या झाल्या होत्या. सहाव्या वचनाखाली लाल पेन्सिलीने ओढलेली रेघ होती, आणि ती एकदा ओढलेली नव्हती. वर्षानुवर्षे तिच्यावरूनच पुन्हा पुन्हा पेन्सिल फिरली असावी, कारण तिथला कागद दबून मागच्या पानावर तिचा वळ उमटला होता. मी वाकून पाहिले. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ येथपर्यंत रेघ येत होती आणि स्वल्पविरामापाशी थांबत होती.

‘पुढचं वाचा ना,’ मी म्हटले.

‘पुढचं पाठच आहे मला.’

‘तरी वाचा. रेघ जिथे थांबलीय, तिथल्या पुढच्या शब्दापासून.’

त्यांनी वाचले. ‘तर सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा.’

‘पहिला शब्द कोणता?’

‘तर.’

त्या थांबल्या. मी काहीच बोलले नाही. खोलीतला पंखा तेवढा फिरत होता. मग त्या हळूच म्हणाल्या, ‘मुलांकडून पाठ करून घेताना पहिली ओळच घ्यायचे मी. लहान पडते ना, म्हणून.’

माझ्या मते त्या दिवशीचा सारा बदल या ‘तर’मध्ये होता. ते वचन ‘होऊ नका’ येथे संपले असते, तर ती एक आज्ञा झाली असती, आणि भावनेला आज्ञा देऊन ती कधी थांबत नाही. तहान लागलेल्याला ‘तहानू नकोस’ म्हणण्यासारखे ते आहे. पण पौल तेथे थांबत नाही. चिंतेला तो दारातून हाकलून लावत नाही, तिला कुठे न्यायचे ते सांगतो. मागणी म्हणजे तरी काय? आपल्याला ज्याची धास्ती वाटते, तीच गोष्ट देवाकडे तोंड करून बोललेली. ज्याला कशाचीच काळजी नाही, त्याच्यापाशी मागण्यासारखे काय असणार? विमलताईंची बोटे रात्री तीन वाजता यजमानांच्या नाकापाशी जात होती, तेव्हा त्यांच्याजवळ प्रार्थनेचा सगळा ऐवज होता. फक्त त्याला प्रार्थना म्हणायची त्यांना परवानगी नव्हती, आणि ती परवानगी त्यांनीच स्वतःला नाकारली होती.

पुढच्या भेटीसाठी मी त्यांना एकच काम दिले: चौथा अध्याय बाजूला ठेवून सगळे पत्र एका बैठकीत वाचून या. चार अध्यायांचे ते छोटे पत्र आहे, अर्ध्या तासात वाचून होते. वचने एकेकटी उचलून भिंतीवर लावायची आपल्याला सवय झाली आहे आणि त्यात गैर काही नाही, मात्र दुखऱ्या माणसाला एकटे वचन देणे मला नेहमीच धोक्याचे वाटते. त्या वचनाच्या आजूबाजूला त्याचे घर असते, आणि औषध बहुतेक वेळा त्या घरात सापडते. माझ्या कामातली ही धारणा आता पुष्कळ वर्षांची आहे आणि तिने मला क्वचितच दगा दिला आहे.

विमलताई आल्या त्या दुसरा अध्याय उघडूनच. ‘हा एपफ्रदीत,’ त्या म्हणाल्या, ‘हा तर मरायला टेकला होता.’

खरेच आहे. फिलिप्पैच्या मंडळीने तुरुंगात असलेल्या पौलाकडे मदत पोहोचवण्यासाठी एपफ्रदीताला पाठवले, आणि तो तेथे आजारी पडून मरणाच्या दाराशी गेला. ‘देवाने त्याच्यावर दया केली,’ असे पौल लिहितो, आणि लगेच जोडतो की ती दया केवळ त्याच्यावर नव्हती, माझ्यावरही होती. नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते. आता त्याला परत पाठवतो आहे, म्हणजे तुम्हाला आनंद होईल आणि माझेही दुःख हलके होईल, असेही तो सांगतो. ज्या हाताने ‘चिंताक्रांत होऊ नका’ हे लिहिले, त्याच हाताने, त्याच पत्रात हे लिहिले आहे.

मग मी त्यांना आणखी एक गोष्ट दाखवली. ती सापडली त्या दिवसापासून मी जपून ठेवली आहे. याच दुसऱ्या अध्यायात पौल आपला सहकारी तीमथ्य याची वाखाणणी करताना म्हणतो, की तुमची खरी काळजी वाहील असा त्याच्यासारखा दुसरा कोणी माझ्याजवळ नाही. तेथे मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे, तेच चौथ्या अध्यायातल्या ‘चिंताक्रांत होऊ नका’ मध्ये आहे. एके ठिकाणी तो गुण आहे, दुसऱ्या ठिकाणी त्यापासून सावध केले आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर पौल आपल्या हालअपेष्टांची मोठी यादी देतो आणि शेवटी सर्व मंडळ्यांविषयीची आपली रोजची चिंता त्यात घालतो. तो शब्दही त्याच मुळाचा.

विमलताई बराच वेळ दोन्ही पाने उलटसुलट करत राहिल्या. ‘म्हणजे आपल्यासारखंच की,’ त्या म्हणाल्या. ‘पाहुणे निघाले की दारात आपण म्हणतो, काळजी घ्या. आणि लगेच म्हणतो, काळजी करू नका.’

मला हे सुचले नव्हते. तेव्हापासून मी ते त्यांच्या नावाने, म्हणजे विमलताई या नावाने, पुष्कळांना सांगितले आहे. आपल्या भाषेत काळजी घेतातही, करतातही आणि वाहतातही. माणूस प्रेम करतो म्हणून काळजी घेतो. ती घेता घेता एकटाच करू लागतो, आणि एकट्याने करण्याचे ओझे पेलत नाही, तेव्हा ती चिंता होते. पौलाचा सगळा रोख त्या एकटेपणाकडे आहे, असे मी समजते.

तरीही प्रश्न उरला होता, आणि तो विमलताईंनी टाळला नाही. ‘मागितलं, आणि तरी ह्यांना काही झालं तर?’

अशा वेळी ‘काही होणार नाही’ असे म्हणण्याचा मोह पाळकांना होतो, नातेवाइकांना होतो, मलाही होतो. मी तसे म्हटले नाही. आम्ही सातवे वचन वाचले. मागणी मान्य होईल असे तेथे म्हटलेले नाही. देवाची शांती तुमची अंतःकरणे व तुमचे विचार ‘राखील’ असे म्हटले आहे. एपफ्रदीत वाचला, सगळेच वाचत नाहीत. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध शास्त्र साध्या मराठीत आणण्याचे काम आयुष्याची अखेरची वर्षे केले, त्या कामाच्या शेवटाकडे, 1921 साली, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि 1922 च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, भाषांतर पुरे करूनच. त्यांनी मुलीसाठी प्रार्थना केली नसेल असे कोण म्हणेल?

त्या ‘राखील’ शब्दाशी मी थोडी अधिक थांबले. मूळ शब्द शिपायांच्या पहाऱ्याचा आहे. इ.स.पू. 42 मध्ये फिलिप्पैजवळ मोठी लढाई झाली, नंतर निवृत्त रोमी सैनिकांना तेथे जमिनी देऊन वसवले गेले. त्या गावाला पहारा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नव्हते. पौल स्वतः पहाऱ्यातच होता. आणि पूर्वी एकदा त्याच फिलिप्पै गावच्या तुरुंगात, मध्यरात्रीच्या सुमारास, पाय खोड्यात अडकलेले असताना, तो आणि त्याचा सोबती सीला गाणी गात होते, हे शास्त्रातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आपण वाचतो. त्या रात्री ज्याने त्यांच्या जखमा धुतल्या तो बंदिशाळेचा नायक पुढे या मंडळीत असेल, तर ‘राखील’ हा शब्द कानी पडताच त्याला काय वाटले असेल, असे माझ्या मनात नेहमी येते.

‘रात्री तीनला पहाऱ्यावर कोण असतं तुमच्या घरी?’ मी विचारले.

‘मी,’ त्या म्हणाल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, ‘मीच उभी असते. बदली कोणी येतच नाही.’

त्यानंतरच्या भेटीला मी यजमानांनाही बोलावले. रेल्वेतून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. रात्रीचा विषय निघाला तेव्हा ते बायकोकडे न बघता म्हणाले, ‘मी जागाच असतो. हिचा हात नाकाजवळ आला, की जरा मोठ्यानं श्वास घेतो. हिला कळावा म्हणून.’

सात महिने एकाच अंथरुणावर दोन माणसे एकमेकांसाठी जागी होती, आणि दोघांनाही वाटत होते की दुसरा झोपला आहे.

त्या दिवशी मला काही शिकवायचे उरले नाही. मी फक्त एक वही दिली. रात्री जाग आली, की दिवा लावायचा, मनात जे भय असेल ते देवाला उद्देशून एका वाक्यात लिहायचे, जमेल तेवढे नेमके. ‘प्रभू, ह्यांना सांभाळ’ एवढेच नको. ‘प्रभू, काल जिना चढताना ह्यांना धाप लागली, त्याची मला भीती वाटते’ असे. त्याखाली त्या दिवसाची आभार मानण्याजोगी एक खरी गोष्ट, कितीही लहान असो. त्यातले जे डॉक्टरांना विचारण्याजोगे असेल, त्यावर खूण करायची. मग यजमानांना ते ऐकवायचे, ते जागेच असतात, आणि दोघांपैकी एकाने आमेन म्हणायचे. हे मी आता बहुतेकांना सुचवते. नेमके लिहिले, की धास्तीला कडा येतात, आणि कडा आलेली गोष्ट हातात धरता येते, दुसऱ्याच्या हातात देताही येते. वचन केवळ म्हणत राहिल्याने हे होत नाही.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना मला एक विनंती करावीशी वाटते. कोणी काळजी बोलून दाखवली, तर वचन देण्याआधी त्या माणसाची रात्र कशी जाते ते विचारा. जेवण जाते का, झोप लागते का, घरात हे कोणाला ठाऊक आहे का, ते विचारा. दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, रोजची कामे सुटू लागली असतील किंवा जगणे नको असे बोलणे कानी आले, तर प्रार्थना करा आणि त्याच दिवशी त्यांच्याबरोबर डॉक्टरकडे जा. आणि वचन द्याल तेव्हा पुरे द्या.

विमलताई आमच्या शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा वही अर्धी भरली होती. जाग अजूनही येते, म्हणाल्या, पण रोज नाही, आणि आली तर हे विचारतात, ‘लिहायचंय का?’ शब्बाथशाळेत त्या पुन्हा जाऊ लागल्या होत्या. मुलांना ते सुवर्णवचन आता दोन रविवारांत शिकवतात, कारण लांब आहे. त्यांनी शास्त्र उघडून दाखवले. लाल रेघ होती तिथेच होती. ‘तर’ पासून सातव्या वचनाच्या शेवटच्या शब्दापर्यंत निळ्या बॉलपेनची रेघ ओढली होती, जरा वाकडी, कारण ती यजमानांनी दिव्याच्या उजेडात, पट्टी न घेता ओढली होती.