नेटवर्क स्विचवरच्या एसएफपींची (फायबर जोडायच्या छोट्या मॉड्यूलची) तब्येत दुरून कशी पाहावी? दर वेळी लॉगिन करावं लागतं, एसएनएमपीने (उपकरणांची माहिती दुरून वाचायच्या प्रोटोकॉलने) जमेल का?

जमेल. एन्टिटी-सेन्सर-एमआयबी (सेन्सरच्या आकड्यांची ठरलेली यादी) पोल करा, म्हणजे ठरावीक वेळाने वाचत राहा, दर पाच मिनिटांनी पुरे. या यादीचं मूळ मानक असलेल्या आरएफसी ३४३३ मध्ये प्रकाशाची ताकद मोजायचं डीबीएम हे एककच नाही, त्यामुळे बहुधा स्विच बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा एमआयबी लागेल. स्केल आणि प्रिसिजनचे ओआयडी (आकड्यात दशांश कुठे ते सांगणाऱ्या नोंदी) विसरू नका, नाहीतर -५.८ च्या जागी -५८ दिसेल आणि मध्यरात्री उगाच फोन वाजेल.

पण एवढा खटाटोप करून शेवटी मॉड्यूलमध्ये भरून आलेल्या थ्रेशोल्डवरच (धोक्याच्या मर्यादांवरच) अलार्म लावणार असाल, तर राहू द्या.

आमच्याकडे दोन इमारतींमध्ये दहा गिगची एलआर (लांब पल्ल्याची फायबर) लिंक होती. अॅप्लिकेशनवाले रोज ओरडायचे की फाइल कॉपी रखडते. आमच्या वरिष्ठांचं ठरलेलं उत्तर: "पोर्ट अप आहे, नेटवर्कचा विषय संपला." मी आरएक्स पॉवरचा (येणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा) ग्राफ काढून नेला. लिंक बसवली तेव्हा -४.८ होती, ती उतरत उतरत -१३.१ वर आलेली. सीआरसी एरर (वाटेत बिघडलेला डेटा) वाढत होत्या. साहेबांनी ग्राफकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "लो वॉर्निंग -१४.४ ला आहे ना? मग रेंजमध्ये आहे."

रेंजमध्ये! एसएफएफ-८४७२ या मॉड्यूलच्या मानकात पॉवरच्या मापाला ±३ डीबीची सूट आहे. म्हणजे दिसतंय -१३.१ आणि खरं असू शकतं -१६. आठ डीबी घट म्हणजे प्रकाश सहापटीहून कमी झाला, आणि हा माणूस सव्वा डीबी शिल्लक आहे म्हणून निश्चिंत! आकडा अचूक नसतो, पण त्याच मॉड्यूलचा कालचा आणि आजचा आकडा यांची तुलना भरवशाची असते. म्हणून अलार्म फरकावर लावा: बसवल्या दिवसापेक्षा २-३ डीबी खाली गेलं की तिकीट.

शिवाय दोन्ही टोकं एकत्र पाहा. समोरच्या स्विचची टीएक्स पॉवर (पाठवलेल्या प्रकाशाची ताकद) जागची हलली नव्हती, उलट दिशेचा फायबरचा धागाही ठीक होता. म्हणजे लेझर निर्दोष, दुखणं एकाच धाग्यात. पॅच पॅनेलवरचा कनेक्टर पुसला आणि -५ वर आलो. तोवर साहेबांनी नवीन मॉड्यूलची ऑर्डर दिली होती, ते वेगळंच.

लेझर म्हातारा होतो तेव्हा चित्र निराळं असतं. टीएक्स पॉवर स्थिर राहते, पण ती टिकवायला बायस करंट (लेझरला दिलेला वीजप्रवाह) चढत जातो. तो ग्राफ कोणी लावत नाही, तुम्ही लावा. तापमानासोबतही तो चढतो, म्हणून दोन्ही शेजारी ठेवा.

हो, हे राहिलंच: तांब्याच्या डॅक केबलला यातलं काही नसतं. स्वस्त मॉड्यूलमध्ये कधीकधी डीओएमच (हे आकडे देणारी सोयच) नसतं. क्यूएसएफपीत (चार लेनच्या मोठ्या मॉड्यूलमध्ये) चारही लेन वेगळ्या मोजा. मॉड्यूल बदललं की जुनी बेसलाइन (बसवल्या दिवसाचा आकडा) फेका, सीरियल नंबर पोल केलात तर हे आपोआप होईल. -४० दिसलं तर प्रकाशच येत नाही, तिथे बेसलाइन वगैरे काही नाही, केबल शोधा.

आणि तुमच्याकडेही कोणी "रेंजमध्ये आहे" म्हणणारे असतील, तर तोंडी वाद घालू नका. ग्राफ जोडून तिकीट उघडा आणि तेच वाक्य त्यांना स्वतःच्या नावाने तिथे लिहायला सांगा.