पाच घरं कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजने तिला खेड्यातली पाच कुटुंबं ‘दत्तक’ दिली आहेत. अकरा वाजता बस गावात पोचते, माणसं किती, पाणी कुठलं, चूल की गॅस असे रकाने भरून दोनला परत. ती म्हणते, ही माहिती आशाताईंकडे असतेच. तेवढ्या वेळात ॲनाटॉमी झाली असती. यातून ती काय शिकणार?
– एक पालक, सांगली

उत्तर : एकाच फेरीत भरलेल्या फॉर्मबद्दल मुलीचं म्हणणं मला मान्य आहे. त्याच घरी पुन्हा पुन्हा जाण्यात खरं शिक्षण आहे.

मी इंटर्न असताना कऱ्हाडजवळच्या एका वस्तीवर घरोघर फिरले. ‘तंबाखू खाता का?’ यापुढे बायकांच्या रकान्यात ओळीने ‘नाही’ लिहिलं. दुसऱ्या खेपेला सकाळी सातलाच पोचले. त्यातलीच एक मावशी न्हाणीपाशी उकिडवी बसली होती. डाव्या तळहातावर काळी पूड, उजवं बोट हिरड्यांवरून फिरतंय. मशेरी! म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखूच. विचारलं तर म्हणाली, ‘मशेरी काय खात्यात व्हय पोरी? लावत्यात ती.’ बाईचं उत्तर बरोबर होतं, प्रश्न माझा चुकला होता. मग मी ‘दात कशानं घासता?’ असं विचारत सगळी घरं पुन्हा केली. मावशीची सून सात महिन्यांची गरोदर होती, तीही लावायची. तंबाखूने पोटातल्या बाळाचं वजन घटतं, हे मी परीक्षेत लिहून आले होते. पण तपासणीला आलेल्या एकाही गरोदर बाईला तोवर मशेरीचं विचारलं नव्हतं.

पुढे तीस वर्षं पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंध आणि समाजाचं आरोग्य हा विषय, मेडिकलच्या मुलांना शिकवला, तेव्हा पहिल्या तासाला हेच सांगायची.

डॉक्टरला समाजाची जाण हवी, हे देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने 1946 सालीच लिहून ठेवलं. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज 1969 मध्ये सुरू झालं. तिथे पहिल्या वर्षाची मुलं खेड्यात मुक्काम करून घरोघर पाहणी करतात आणि नंतरही त्याच कुटुंबांकडे जात राहतात. देशभरातल्या कॉलेजांत कुटुंब दत्तक योजना आली ती 2021-22 च्या बॅचपासून.

एक गोष्ट मात्र मला सहन होत नाही. मुलं बीपी मोजतात, आकडा लिहितात आणि निघून जातात. त्या घराने वेळ दिला, चहा दिला, घरातलं सांगितलं. त्यांना त्यांचा आकडा समजावून सांगायला हवा, आणि तो वाढलेला असेल तर माणूस उपकेंद्रापर्यंत पोचला का, हे पुढच्या फेरीला विचारायला हवं. मुलीला यासाठी वेगळी वही घालायला सांगा. आणि पालकसभेत बसची वेळ बदलून मागा. अकराला बायका रानात असतात.