पासवर्ड मोबाइल नंबरच आहे, चालेल का?

प्रश्न : महिन्यापूर्वी घरी फायबरचं कनेक्शन घेतलं. बसवायला आलेल्या मुलाने वायफायचा पासवर्ड माझाच मोबाइल नंबर ठेवला. ‘काका, विसरणार नाही,’ म्हणाला. आता वर भाड्याने राहणारी पोरं फुकट नेट वापरतात असा मला संशय आहे. जावई म्हणतात, वायफायचं नाव लपवा. याच वायफायवर मी पेन्शनचं खातं बघतो. पैशाला धोका आहे का?
– एक निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : सर, त्या मुलावर रागावू नका, त्याला दिवसात सात-आठ घरं उरकायची असतात. मीही सुरुवातीला हेच काम केलंय आणि कितीतरी घरांत असाच पासवर्ड ठेवून आलोय.

फोन राउटरला जोडताना दोघांत चार निरोप जातात-येतात. त्यात पासवर्ड नसतो, पण एखादा अंदाज बरोबर की चूक हे ताडण्याइतका ऐवज असतो. जिन्यात बसून कोणी ते निरोप टिपले, की पुढचं काम घरी निवांत होतं, राउटरला पत्ताही लागत नाही. आपले मोबाइल नंबर १० आकडी, पहिला आकडा ६ ते ९. म्हणजे शक्यता ४०० कोटी. आकडा अफाट वाटतो, पण गेमिंगचं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काही लाख पासवर्ड तपासतं. दुपारी लावलं तर रात्रीच्या जेवणापर्यंत तुमचा नंबर सापडावा.

वरच्या पोरांना तर तेवढेही कष्ट नाहीत. भाडं ते तुमच्याच नंबरवर पाठवत असतील ना?

नाव लपवून काही साधत नाही. उलट तुमचा फोन जाईल तिथे त्या लपवलेल्या नावाला हाका मारत फिरतो.

पेन्शनचं म्हणाल, तर बँकेचं ॲप आपला मजकूर स्वतः कुलूपबंद करून पाठवतं, वायफायमध्ये शिरलेल्याला तो वाचता येत नाही. मला काळजी राउटरच्या सेटिंगची वाटते. तिथला पासवर्ड अजून ‘ॲडमिन’च असेल, तर आत आलेला माणूस बँकेच्या पत्त्यावरून तुम्हाला खोट्या साइटकडे वळवू शकतो. ब्राउझरने धोक्याची सूचना दिली, तर ‘तरीही पुढे जा’ दाबू नका.

दुसरी भीती पोलिसांची. जुलै २००८मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटं आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या वायफायवरून गेला होता. तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसाच्या दारात एटीएस उभी राहिली. त्याचं वायफाय परस्पर वापरलं गेल्याचं पुढे निष्पन्न झालं, पण तोवर त्याला व्हायचा तो मनस्ताप झाला.

तेव्हा रविवारी वायफायचा आणि राउटरच्या सेटिंगचा, दोन्ही पासवर्ड बदला. वायफायसाठी एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. फळ्यावर कधी एकत्र न आलेले घ्या. सेटिंगमध्ये सुरक्षेच्या प्रकारांत डब्ल्यूपीए३ असेल तर ते निवडा, नाहीतर डब्ल्यूपीए२. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिनने जोडायची सोय, बंद करा. त्याचा पिन ८ आकडी दिसतो, पण राउटर अर्धा-अर्धा तपासत असल्याने ११,००० प्रयत्नांत फुटतो, हे २०११मध्येच उघड झालंय. भाडेकरूंना नेट द्यायचंच असेल, तर गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वायफाय, वेगळं काढा.

टीव्ही आणि जावयांचा फोन पुन्हा जोडावा लागेल. आणि वरून कोणी ‘काका, नेट गेलंय का?’ विचारत खाली आलं, तर तुमच्या संशयाचाही निकाल लागेल.