वडिलांच्या ११० कॅमेऱ्याच्या निगेटिव्ह घरी स्कॅन करता येतील का? कोणता स्कॅनर घ्यावा?

येतील, आणि प्रिंट जपलेले असले तरी कराच. "प्रिंट आहेत ना, मग त्या पट्ट्या कशाला सांभाळायच्या?" हे आमच्या थोरल्या काकांचं पालुपद ऐकतच मी मोठा झालो.

वडिलांनी हॉटशॉट या त्यांच्या ११० कॅमेऱ्यावर गोदावरीच्या पुराचा एक फोटो काढला होता. नाशिकमध्ये पूर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात, पाणी तिच्या कुठवर चढलं ते बघून. काका म्हणायचे त्या वर्षी पाणी कमरेपर्यंत, वडील म्हणायचे छातीला लागलं होतं. दिवाळीला सगळे जमले की हा वाद ठरलेला. अल्बममधला प्रिंट बघावा तर पाणी नुसतं पांढरंफटक, मारुतीला कुठे टेकलंय ते कळतच नाही. लॅबवाल्याने सगळे प्रिंट तसेच उजळ मारून दिले होते. पण प्रिंटवर उडालेला उजेडाचा भाग निगेटिव्हमध्ये बहुतेक वेळा शाबूत असतो. स्कॅन केल्यावर मारुतीच्या अंगावर पाण्याची कड स्वच्छ दिसली, बरोबर छातीवर. वडील खरं बोलत होते. काका आता म्हणतात, कॉम्प्युटरवर काय वाट्टेल ते करता येतं. म्हणूनच मूळ पट्टी टाकायची नाही. ती उजेडासमोर धरून कुणालाही दाखवता येते.

स्कॅनरचं म्हणाल तर कागदपत्रांचा साधा फ्लॅटबेड (काचेवर कागद ठेवायचा सपाट स्कॅनर) बाद, झाकणातही दिवा असलेला लागतो. ११० ची फ्रेम जेमतेम १३ × १७ मिमी, म्हणजे २४०० डीपीआयला (इंचामागे २४०० ठिपके) २ मेगापिक्सेलच मिळतात. खोक्यावरच्या ६४०० च्या आकड्याला भुलू नका, प्रत्यक्षात त्याच्या निम्मंही हाती लागत नाही. माझ्या मते मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढणाऱ्या) लेन्सचा कॅमेरा आणि खाली चांगला एलईडी पॅनल हेच उत्तम. स्कॅनरसोबतचे फिल्म धरायचे होल्डर ३५ मिमीचे असतात, ही फिल्म १६ मिमी रुंद. काळ्या कार्डशीटला खाच कापून घ्या. मोबाईलचा स्क्रीन दिवा म्हणून वापरणार असाल तर मध्ये दुधी अ‍ॅक्रिलिक ठेवा आणि फिल्म त्याच्यापासून थोडी वर धरा, नाहीतर पिक्सेलची जाळी उमटते.

हो, एक राहिलं: स्कॅनरमधली इन्फ्रारेडने धुळीचे डाग काढायची सोय रंगीत फिल्मवरच चालते. कृष्णधवल फिल्ममधली चांदी इन्फ्रारेडही अडवते, तिथे ती बंदच ठेवा. आणि बुरशी दिसली तर पाणी लावू नका, चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर सुटून येतो.